शोध नेमका कोणाचा? पेटंटच्या वादात मूळ संशोधक कसा ठरतो आणि बडोद्यातल्या माणसाने काय करायचं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या युनिटमध्ये नवा पार्ट तयार होतो तेव्हा त्यावर पाच-सहा जणांचे हात फिरलेले असतात. पैसा शेठचा, डोकं फोरमनचं, ड्रॉइंग ड्राफ्ट्समनचं, टेस्टिंग प्रोजेक्टला आलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलीचं, आणि रबरचा भाग बाहेरून मोल्ड करून देणारा आणखी कोणी. पेटंटचा अर्ज मात्र एका संध्याकाळी घाईघाईत भरला जातो आणि त्यात एक-दोनच नावं पडतात. उरलेल्यांना हे कळतं तेव्हा बहुतेक दीड वर्ष उलटून गेलेलं असतं, कारण अर्ज सहसा १८ महिन्यांनीच प्रसिद्ध होतो.

मग भांडण सुरू होतं, आणि ते चुकीच्या टोकापासून सुरू होतं. ‘मी इतकी वर्षं राबलो’, ‘माझे इतके पैसे गेले’ हे मुद्दे माणूस म्हणून खरे आहेत, पण संशोधक ठरवताना ते मोजले जात नाहीत. तिथे दोनच गोष्टी विचारल्या जातात: पेटंटच्या कोणत्या क्लेममधली (क्लेम म्हणजे हक्क नेमका कशावर मागितला ते सांगणारं अर्जातलं क्रमांक दिलेलं वाक्य) कल्पना कोणाच्या डोक्यातून आली, आणि ती अर्जाआधी त्याच्याकडे होती हे कशावरून?

आधी भांडण कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

‘माझा शोध चोरला’ या एका वाक्यात चार वेगवेगळी भांडणं लपलेली असतात. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे आणि चुकीच्या दरवाजावर घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

पहिलं: दोघांना एकमेकांचा पत्ता नसताना तीच कल्पना सुचली. इथे भारतात ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क. तुम्हाला दोन वर्षं आधी सुचलं होतं हे वहीत लिहिलेलं असलं तरी हक्क मिळत नाही. फक्त तुमची वस्तू त्याच्या अर्जाच्या आधी उघडपणे वापरात किंवा छापील स्वरूपात आली असेल तर त्याचं पेटंट पाडता येतं. पण पाडणं वेगळं आणि आपल्या नावावर होणं वेगळं.

दुसरं: कल्पना तुमची, तुम्ही ती समोरच्याला सांगितली आणि त्याने स्वतःच्या नावावर अर्ज केला. कायदा याला गैरमार्गाने मिळवलेला शोध म्हणतो. पेटंट कायदा १९७० मधलं कलम २५ चं पोटकलम (क), म्हणजे पेटंटला विरोध करण्याच्या कारणांतलं पहिलंच कारण, यासाठीच आहे.

तिसरं: अर्ज योग्य माणसाचा किंवा कंपनीचा आहे, पण संशोधकांच्या यादीत तुमचं नाव नाही. हे त्याच कायद्याच्या कलम २८ चं काम.

चौथं: संशोधक कोण यावर वादच नाही, मालक कोण यावर आहे. नोकरीत असताना केलेला शोध कंपनीचा की कामगाराचा? पुष्कळ शेठ लोकांना वाटतं की पगार दिला म्हणजे शोध आपोआप आपला झाला. भारतीय पेटंट कायद्यात असं वाक्य कुठेच नाही. हक्क लेखी असाइनमेंटने (हक्क दुसऱ्याच्या नावावर करून देणाऱ्या कराराने) किंवा नोकरीच्या करारातल्या कलमानेच कंपनीकडे जातो. स्टायपेंडवर आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर करार आणि त्याच्या संस्थेचं धोरण, दोन्ही पाहावं लागतं.

दुसरं आणि तिसरं ही भांडणं सगळ्यात जास्त गुंतागुंतीची, म्हणून पुढचा बराच मजकूर त्यांच्यावरच आहे.

क्लेम फोडायचे आणि प्रत्येक क्लेमपुढे नाव लिहायचं

एक कल्पित उदाहरण घेऊ. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचं काम भरपूर, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा ब्रीदर, म्हणजे त्याला कोरडी हवा पुरवणारा भाग. लोड वाढला की तेल तापून फुगतं, उतरला की आकसतं, आणि कॉन्झर्वेटर, म्हणजे तेलाची वरची टाकी, बाहेरची हवा आत-बाहेर करतो. ही हवा सिलिका जेलमधून जाते. जेल ओलं झालं की निळ्याचं गुलाबी होतं. खाली तेलाची वाटी असते, ती बाहेरची दमट हवा जेलला सतत लागू देत नाही. समजा, एका फोरमनच्या डोक्यात आलं की वाटीतलं तेल कोणी वेळेवर भरत नाही, तर वाटीऐवजी रबरच्या दोन पाकळ्या बसवाव्यात: एक आत उघडणारी, एक बाहेर, आणि दोन्ही ठराविक दाबफरकालाच उघडणाऱ्या.

अर्जात क्लेम असे पडले. क्लेम १: दोन उलट दिशांच्या पाकळ्या असलेला ब्रीदर. क्लेम २: पाकळीची चीर तिरपी कापलेली, म्हणजे तेलाच्या वाफेने ती चिकटत नाही. क्लेम ३: पाकळी फ्लोरोसिलिकोन रबरची. क्लेम ४: जोडणीची पद्धत.

आता माणसं बघा. फोरमनने दोन पाकळ्यांची कल्पना मांडली. क्लेम १ त्याचा. विद्यार्थिनीने तीनशे वेळा उघडझाप करून पाहिली, तिला सरळ चीर चिकटताना दिसली आणि तिनेच तिरपी चीर सुचवली. क्लेम २ ची संशोधक ती. तिने नुसतं मोजून ‘चिकटतेय’ एवढंच कळवलं असतं आणि तिरप्या चिरेचा उपाय फोरमनने काढला असता, तर ती संशोधक ठरली नसती. फरक एका वाक्याचा आहे, आणि वाद त्याच वाक्यावर उभा राहतो. ड्राफ्ट्समनने सांगितलेलं कागदावर उतरवलं. तो संशोधक नाही, ड्रॉइंग कितीही सुंदर असलं तरी. शेठने ‘वाटीची कटकट बंद करणारं काहीतरी काढा’ म्हणून पैसे दिले. नुसती अडचण सांगणारा किंवा खर्च उचलणारा संशोधक होत नाही. पैसे घालणारा भागीदार किंवा कंपनी स्वतः ‘संशोधक’ होऊ शकत नाही हे म्हैसूर उच्च न्यायालयाने १९६० सालीच सांगितलं आहे. कंपनी अर्जदार होऊ शकते, पण संशोधकाकडून हक्क घेऊनच.

रबरवाल्याचं काय? त्याने नेहमीच्या नायट्राइलऐवजी फ्लोरोसिलिकोन वापरा म्हटलं. तेलात कोणतं रबर टिकतं हे त्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असलेलं ज्ञान असेल, तर ती मदत झाली, संशोधन नव्हे. पण क्लेम ३ चं नावीन्यच त्या मटेरिअलवर उभं असेल आणि ते त्याला स्वतःच्या डोक्याने सापडलं असेल, तर त्याचा दावा खरा आहे.

हे काम वकिलाकडे जाण्याआधी स्वतः करा. एका कागदावर डावीकडे प्रत्येक क्लेम सोप्या शब्दांत, मधे ती कल्पना कोणी, कोणत्या दिवशी, कोणापुढे मांडली, आणि उजवीकडे त्याचा कागद. उजवा रकाना रिकामा राहिला तर तो क्लेम सध्या तुमचा नाही असंच धरून चाला. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवरच्या शोध-सुविधेतून फॉर्म १ (मूळ अर्ज), फॉर्म ५ आणि क्लेम मोफत बघता येतात. पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघतं. फॉर्म ५ म्हणजे संशोधकांची घोषणा. भांडणाचा पहिला कागद तोच.

‘सांगितलं’ हे सिद्ध करणं हीच खरी लढाई

गैरमार्गाने मिळवल्याचा आरोप करणाऱ्यावर पुराव्याचं ओझं असतं, आणि आरोप फसवणुकीच्या जवळचा असल्यामुळे कंट्रोलर, म्हणजे पेटंट कार्यालयातला निर्णय देणारा अधिकारी, पुरावा कडक लावतो. साखळीत तीन कड्या लागतात. अमुक तारखेला ही कल्पना माझ्याकडे पूर्ण होती. ती अमुक दिवशी, अमुक रीतीने अर्जदारापर्यंत पोचली. आणि त्याच्या क्लेममध्ये तीच कल्पना आहे, नुसती तशी दिसणारी नव्हे.

बहुतेक केस मधल्या कडीवर तुटतात. कल्पना तुमच्या वहीत आहे, क्लेमही जुळतो, पण समोरचा म्हणतो, ‘मला हे आपोआप सुचलं.’ तो असं म्हणू शकतो आणि कधीकधी ते खरंही असतं. म्हणून त्याच्यापर्यंत माहिती गेल्याचा कागद सोन्यासारखा: मीटिंगची नोंद, ड्रॉइंग पाठवल्याचा ईमेल, सॅम्पल दिल्याचं चलन, गेटपास, कोटेशनला जोडलेलं स्केच. ड्रॉइंगमधली एखादी निरर्थक चूक त्याच्याही ड्रॉइंगमध्ये तशीच उतरलेली असेल, तर तो पुरावा साक्षीदारापेक्षा बोलका असतो. गरज नसलेलं भोक, चुकलेलं परिमाण, तुमच्याच शॉपमध्ये चालणारं पार्टचं टोपणनाव, असलं काही सापडतं का ते भिंग घेऊन शोधा.

वही ठेवायची तर बांधीव, पानांवर नंबर छापलेली, शाईने लिहिलेली. मधे कोरी जागा सोडायची नाही; राहिलीच तर तिरपी रेघ मारायची. पानाखाली तारीख, सही, आणि ज्याला विषय कळतो पण जो सहसंशोधक नाही अशा माणसाची ‘वाचलं, समजलं’ म्हणून सही. नवऱ्याची किंवा बायकोची सही कमी वजनाची ठरते. स्वतःलाच बंद पाकीट पोस्टाने पाठवायचं, हा सल्ला आपल्याकडे अजून फिरतो. त्याने कोणताही हक्क मिळत नाही. फार तर तारखेचा एक कमकुवत पुरावा होतो, तोही पाकीट उघडेपर्यंत.

वहीच्या मर्यादा समजायला अमेरिकेतली लेसरची केस बघावी. गॉर्डन गूल्ड यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये लेसरची कल्पना वहीत लिहून शेजारच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानदाराकडून, जो नोटरीही होता, ती नोटरी करून घेतली. पण पेटंटसाठी आधी चालतं यंत्र लागतं असा त्यांचा गैरसमज होता, म्हणून अर्ज एप्रिल १९५९ पर्यंत लांबला. त्याच कल्पनेवर काम करणाऱ्या शॉलो आणि टाउन्स या दोन शास्त्रज्ञांचा अर्ज जुलै १९५८ चा होता. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ‘आधी कोणाला सुचलं’ याला महत्त्व होतं, तरी गूल्ड ती पहिली लढाई हरले. वहीनंतर त्यांनी कल्पनेवर सतत काम केल्याचं सिद्ध झालं नाही. त्यांचं पहिलं मोठं लेसर-पेटंट १९७७ मध्ये निघालं. पुढे अमेरिकेनेही १६ मार्च २०१३ पासून आधी अर्ज करणाऱ्याचा नियम घेतला. चालतं मॉडेल नसताना अर्ज करता येत नाही हा गैरसमज मात्र आपल्या वर्कशॉपमध्ये अजून ठाण मांडून आहे. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज नुसत्या वर्णनावर करता येतो, पूर्ण स्पेसिफिकेशनला (क्लेमसह शोधाच्या सविस्तर वर्णनाला) त्यापुढे १२ महिने मिळतात, आणि व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे.

व्हॉट्सअ‍ॅप, आणि मराठी-गुजरातीचा प्रश्न

आजचा पुरावा वहीत कमी आणि फोनमध्ये जास्त असतो. ‘शेठ, वाटी काढून दोन पाकळ्या लावू, एक आत एक बाहेर’ असा एक मेसेज आणि सोबत चहाच्या बिलामागे काढलेल्या स्केचचा फोटो, यावर क्लेम १ जिंकता येतो. पण तो जपला तर. डिसअपिअरिंग मेसेज आधी बंद करा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर फॉरवर्डची तारीख असते, मूळची नव्हे. कॅडची फाइल उघडून सेव्ह केली की ‘बदलल्याची तारीख’ आजची होते. आधी पूर्ण प्रत घ्या, मग प्रतीत काय ते बघा. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, द्यायची असते. हे प्रमाणपत्र फाइल ताजी असतानाच करून ठेवलेलं बरं.

बडोद्याची खास अडचण भाषेची. आपल्याकडे मेसेज मराठीत, चलन आणि बिल गुजरातीत, ड्रॉइंगवरच्या टिपा इंग्रजीत. पेटंट कार्यालयाचं काम हिंदी किंवा इंग्रजीत चालतं, म्हणून बाकी सगळ्याचं प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. इथे केस हातातून निसटते. मेसेजमधल्या ‘पाकळी’ला भाषांतरकाराने फुलाच्या पाकळीचा शब्द वापरला, चलनातल्या ‘पडदा’ला पडद्याचा, आणि क्लेममध्ये तिसराच शब्द, समोरचा वकील म्हणणार की तीन वेगळ्या वस्तू आहेत. भाषांतरकाराला आधी पार्ट हातात द्या, क्लेम वाचायला द्या, आणि प्रतिज्ञापत्रात एक परिच्छेद घाला: आमच्या शॉपमध्ये पाकळी, पडदा आणि झडप हे तिन्ही शब्द याच भागाला वापरतात, सोबत फोटो. तसं सांगणारा दुसरा कारागीर असेल तर त्याचंही प्रतिज्ञापत्र.

कोणता दरवाजा, कोणत्या मुदतीत

गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. बहुतेक सुनावण्या आता व्हिडिओवर होतात, त्यामुळे बडोद्याहून दर वेळी अँटॉप हिलला जावं लागत नाही.

नाव राहिलं असेल तर फॉर्म ८, कलम २८ खाली, आणि तो पेटंट मंजूर होण्याआधीच. ही मुदत सगळ्यात जास्त चुकते. इथे दाखवायचं की शोधाचा किंवा त्याच्या महत्त्वाच्या भागाचा संशोधक तुम्ही आहात आणि हा अर्ज त्याचाच थेट परिणाम आहे. अर्जदार राजी असेल तर दोघांनी मिळून विनंती करता येते. लक्षात ठेवा, या नोंदीने मालकी किंवा रॉयल्टी मिळत नाही. तसं कलमातच लिहिलं आहे. पण तिचं मोल कमी समजू नका. मुलीच्या पुढच्या प्रवेशासाठी, फोरमनच्या पुढच्या नोकरीसाठी ते नाव आयुष्यभराचं आहे. आणि जिचं नाव नाही तिने असाइनमेंटही केलेली नसेल, तर अर्जदाराचा हक्कच अपुरा ठरतो आणि पुढे पेटंट रद्द करण्याचं ते एक कारण होतं. म्हणून शेठनेही हा फॉर्म अडवू नये. उलट बाजूला, ज्याचं नाव असायला नको होतं ते घुसडलं असेल, तर तसं प्रमाणपत्र कंट्रोलरकडे कधीही मागता येतं.

शोधच चोरला असेल तर मंजुरीआधी फॉर्म ७अ ने विरोध, मंजुरीनंतर फॉर्म ७ ने. मंजुरीनंतरच्या विरोधाला मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष मिळतं, आणि ते प्रकरण तीन सदस्यांच्या विरोध मंडळाकडे जातं. तुमच्या लेखी निवेदन आणि पुराव्यानंतर पेटंटधारकाला उत्तराला दोन महिने, मग तुम्हाला फक्त त्याच्या पुराव्यापुरतं उत्तर द्यायला एक महिना. म्हणजे मुख्य पुरावा पहिल्याच फेरीत गेला पाहिजे. ‘पुढे देऊ’ म्हणून राखून ठेवलेलं चलन बहुतेक वेळा आत जात नाही.

दोन्हींतला फरक नीट समजून घ्या. मंजुरीआधी जिंकलात तर त्याचा अर्ज नामंजूर होतो, एवढंच. मंजुरीनंतर याच कारणावर पेटंट रद्द झालं, तर कलम २६ खाली फॉर्म १२ ने ते तुमच्या नावावर करून मागता येतं. काही भागच तुमचा असेल, तर तो स्पेसिफिकेशनमधून वगळायचा आदेश होतो. आमचं मत असं: समोरचा बाजारात माल विकून तुम्हाला दाबत असेल तर मंजुरीआधीच अडवा, पेटंट तुम्हालाच हवं असेल आणि पुरावा भक्कम असेल, तर मंजुरीनंतरचा मार्ग जास्त फळ देतो. मंजुरीआधीचा विरोध फेटाळला गेला तर तुम्हाला त्यावर अपील नाही, मंजुरीनंतरचा विरोधच करावा लागतो. मंजुरीनंतरच्या आदेशावर आणि कलम २८ च्या आदेशावर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील होतं. आधी अशी अपिलं ऐकणारं बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून हीच वाट आहे.

आणि कोणताही मार्ग घेतलात तरी स्वतःचा अर्ज लगेच टाका. तुमच्या हक्काविरुद्ध कोणी आधी अर्ज केला, किंवा तुमच्याकडून मिळवलेली माहिती तुमच्या संमतीशिवाय छापली, एवढ्याच कारणाने तुमच्या शोधाचं नावीन्य गेलं असं ठरत नाही. कलम २९ ते संरक्षण देतं. पण छापल्याचं कळल्यावर शक्य तितक्या लवकर अर्ज केला पाहिजे. दरम्यान तुम्हीच तो माल विकायला सुरुवात केली असेल, तर हे संरक्षण जाऊ शकतं. ‘आधी चार पीस विकून बघू’ या एका निर्णयाने खरा संशोधक रिकाम्या हाताने परततो.

उल्लंघनाचा दावा तुमच्यावरच आला तर तो जिल्हा न्यायालयात येईल. तिथे पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केलात की प्रकरण गुजरात उच्च न्यायालयाकडे, म्हणजे अहमदाबादला जातं.

तडजोड करायची तर काय लिहून घ्यायचं

बडोद्यातली ही मंडळी सहसा एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, दांडिया बाजारात किंवा लग्नकार्यात भेटतातच. तडजोड वाईट नाही, पण ती तोंडी नको. असाइनमेंट लेखी आणि सगळ्या अटींसह असावी लागते, मुद्रांक शुल्क भरलेलं असावं, आणि फॉर्म १६ ने रजिस्टरमध्ये नोंदवावी. सहमालक व्हायचं ठरलं तर एक गोष्ट आधी कळू द्या: वेगळा करार नसेल तर सगळ्यांचा वाटा सारखा, प्रत्येकाला स्वतः वापरता येतं, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता किंवा हिस्सा विकता येत नाही. एक जण रुसला की सगळ्यांचं लायसन्स अडकतं. म्हणून संमती कोण, किती दिवसांत देणार आणि उत्तर आलंच नाही तर काय, हे त्याच कागदात लिहा.

शेवटचा तपशील नूतनीकरण फीचा. पेटंट चालू ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी लागते आणि ती रजिस्टरवरच्या मालकाच्या हातात असते. वाद हरण्याची चिन्हं दिसली की काही जण फी भरणंच थांबवतात. पेटंट गळतं आणि जिंकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. गळल्यापासून १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करून मागता येतं, पण ती मागणीही त्या वेळी नोंदीत असलेल्या मालकानेच करायची असते. तेव्हा दर तीन महिन्यांनी ई-रजिस्टर (पेटंट कार्यालयाची ऑनलाइन नोंदवही) उघडून फीची तारीख बघा, आणि वाद संपेपर्यंत फी भरत राहण्याचा आदेश पहिल्याच अर्जात मागा.